हिरव्या शीटच्या खाली

३ मार्च, मंगळवार

नाही म्हणाला! मी म्हटलं, स्वयंपाकघरातल्या जुन्या प्लास्टिकच्या शीटवरच नव्या टाइल्स चिकटवा आणि दोन दिवसांत उरका. तर फरशीवाला ओट्यापाशी उकिडवा बसला, बोटांनी टकटक केलं, मान हलवली. "मॅडम, खाली काय आहे ते बघितल्याशिवाय मी वर काही टाकत नाही. आधी कोपरा उघडू. मग बोलू." तेवढ्यात त्याला फोन आला. गॅलरीत जाऊन इतका वेळ बोलला की परत आल्यावर मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

मला घाई आहे हे कुणाला कळतच नाही. आईला पडून महिना होत आला, तेव्हापासून ती ताईकडेच आहे. मनगटाचं प्लास्टर लवकरच निघेल. तोवर स्वयंपाकघर नवं, सपाट, धड झालेलं हवं. नाहीतर ताई तिला सोडायची नाही. काल फोनवर तेच — "त्या फुगे आलेल्या शीटवर आईला मी परत पाठवणार नाही. लिहून घे!" घेतलं लिहून.

शीट हिरवी, फुलाफुलांची. बाबांनी स्वतःच्या हातांनी टाकलेली. कपडे शिवणारा माणूस जमीन करायला बसला की काय होणार? चार ठिकाणी उंचवटे. भावोजी दर वेळी म्हणायचे, "नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण या घरात अंगण खरंच वाकडं आहे!" सगळे हसायचे. बाबा सोडून. बाबा जिवंत होते तोवर कशालाच फारसे हसले नाहीत.

४ मार्च, बुधवार

कोपरा उघडला. हिरवीच्या खाली तपकिरी शीट. तपकिरीच्या खाली लाल! बाबांनी म्हणून काही काढलंच नाही, जुन्यावर नवं चढवत गेले. लाल शीटवर बसून मी पाढे म्हटलेत. तो रंग इतक्या वर्षांनी दिसला आणि मी उगाचच त्यावरून हात फिरवला.

"तीन थर," फरशीवाला म्हणाला. "सगळं काढायचं. कोबा दिसेपर्यंत. मग लेव्हलचा माल ओतायचा, मग टाइल्स." म्हणजे लांबलं.

सगळी भांडी बाहेरच्या खोलीत आणली. शेगडी टीव्हीच्या शेजारी. घरात पाय ठेवायला जागा नाही, आणि मला एका जागी बसवतही नाही. त्याच्या हत्यारांच्या पेटीवर गुडघा आपटला, चांगला काळानिळा झालाय. माणसाने पेटी वाटेत ठेवावी का!

५ मार्च

ताईने टाइल्स निवडल्या. पांढऱ्या. फोटो पाठवला — "तोंड दिसेल इतक्या चकचकीत आहेत बघ." मी हो म्हटलं. कशालाही हो म्हणेन, पण आई घरी येऊ दे.

तिच्याशिवाय हे घर खायला उठतं. सकाळी ओट्यापाशी उभी राहून ती मला हाक मारायची, "छोटी, उठलीस का?" चव्वेचाळिसाव्या वर्षीही छोटीच. आता मोबाइलचा गजर. त्याला काय माहीत मी छोटी आहे ते.

७ मार्च, शनिवार

आज एक विचित्रच.

मी कामाला असते त्या चष्म्याच्या दुकानातून अर्धा दिवस काढून आले तर फरशीवाल्याने निम्मी हिरवी शीट सोलून ठेवली होती आणि तो हसत होता. "मॅडम, तुमच्या वडिलांनी खाली दोरी घातलीय! शीट फुगली नव्हती, खाली दोरीच आहे." खरंच होती. तपकिरी शीटवर गमाने चिकटवलेली, दुहेरी, सरळ रेषेत. पायपिंगची दोरी! गादीच्या खोळीला कडेने भरतात ती. बाबांच्या दुकानात रिळंच्या रिळं असायची. एक ओट्यापुढे, एक सिंकपुढे.

"हवा भरू नये म्हणून घातली असेल," तो म्हणाला. मग म्हणाला, "नाहीतर काम येत नसेल. राग मानू नका." खेचून काढली आणि पोत्यात टाकली.

राग नाही आला. पण मन थाऱ्यावर नाही. कॉलरला एवढीशी सुरकुती पडली तर अख्खा शर्ट उसवणारा माणूस. गिऱ्हाईक म्हणायचं, राहू द्या मास्तर, कुणाला दिसतंय? तर म्हणायचे, मला दिसतंय ना. असा माणूस स्वतःच्या घरात, रोज दिसेल अशी चूक ठेवील? एकदा नाही, दोन-दोन ठिकाणी?

८ मार्च, रविवार

ताईकडे गेले. आई खिडकीजवळच्या खुर्चीत. मागच्या रविवारी होती तशीच, त्याच खुर्चीत, हात मांडीवर. ताईचं घर देखणं. गुळगुळीत, लख्ख, एक वस्तू इकडची तिकडे नाही. ताई कौतुकाने म्हणाली, "इथे आली आणि कशी शांत झाली बघ. उठायचं नावच काढत नाही. विश्रांतीच नव्हती मिळत तिला."

मला ते शांत होणं आवडलं नाही. आमची आई घरात भिंगरीसारखी फिरते. इथे कुणीतरी आणून ठेवलेल्या पार्सलासारखी बसलीय.

मी सहज म्हटलं, "आई, बाबांनी शीटखाली दोऱ्या घातल्या होत्या, ठाऊक आहे का तुला?"

ती दचकली. "काढल्या?"

"निम्म्या काढल्या."

"सगळ्या काढू नकोस," असं घाईघाईने म्हणाली. मग ताई चहा घेऊन आली आणि आई म्हणाली, "काढ काढ. जुनं काय करायचंय." दोन वाक्यांत दोन उत्तरं!

निघताना ताईने मला दारात धरलं. "स्पष्टच सांगते. फरशी होऊ दे, पण आईला आता इथेच राहू दे. तू दिवसभर दुकानात. पुन्हा पडली तर? कंबर मोडली तर?" मी चपला घातल्या. तिचं चूक कुठे आहे? पण आईला विचारलं का कुणी?

९ मार्च, सोमवार

हे लिहायलाच हवं, आत्ताच, नाहीतर मलाच खोटं वाटेल.

संध्याकाळी डब्यांचं खोकं गॅलरीत न्यायला निघाले. छातीशी धरलेलं, हनुवटीपर्यंत. समोरचं काही दिसत नव्हतं. गॅलरीकडची हिरवी शीट अजून काढलेली नाही. गॅलरीत उतरायला एक पायरी आहे, तिथेच आई पडली. मी चालतेय, चालतेय, आणि माझा पाय आपोआप थांबला. टाचेखाली उंचवटा. पुढे एक पाऊल, मग पायरी. मी न बघता उतरले.

खोकं ठेवलं आणि तिथेच बसले. मी त्या जागी कायमच अशी थांबते. आमच्या घरात सगळे थांबतात. तो उंचवटा म्हणजे चूक नव्हती. ती खूण होती.

कुणासाठी? ज्याला पायरी दिसत नाही त्याच्यासाठी.

मग एकेक आठवायला लागलं आणि थांबेना. आई लग्नाकार्यात कुणाच्यातरी ताटावर पाय द्यायची. दुसऱ्यांच्या घरी उंबऱ्याला अडखळायची. "धांदरट आहे मेली," असं स्वतःच म्हणून हसायची, आणि आम्हीही हसायचो. मीही तिच्यावरच गेलेय म्हणतात. पण आपल्या घरात? आपल्या घरात ती एकदाही धांदरट नव्हती.

आणि बाबा! मी सातवीत असताना स्टूल वाटेत सोडलं म्हणून त्यांनी मारलं होतं. एका स्टुलासाठी! "जागची वस्तू जागेवर!" हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते. ताई लग्न करून गेली तेव्हा म्हणाली, सुटले बाई त्या जागच्या जागेतून. आम्ही त्यांना हिटलर म्हणायचो, पाठीमागे.

पण नाही, हे शक्य नाही. आईचे डोळे मी स्वतः तपासलेत.

१० मार्च, मंगळवार

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गेली अठरा वर्षं मी चष्म्याच्या दुकानात आहे. दर वर्षी आईला नेते, तक्त्यासमोर बसवते. शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचते. जवळचं वाचायला चष्मा, बाकी काही नाही. मी सगळ्यांना अभिमानाने सांगत फिरले, आमच्या आईचे डोळे पोरीला लाजवतील असे आहेत!

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. नंबर काढणाऱ्या बाईंना विचारलं — समोरचं स्वच्छ दिसत असूनही माणूस अडखळतो का? त्या सँडविच खात होत्या. म्हणाल्या, "का नाही? नळीतून बघितल्यासारखं होतं काहींना. मधलं लख्ख, कडेचं गेलेलं. तक्ता समोर असतो, तो वाचतील. पायाजवळचं दिसणार नाही." कसं तपासता? "साधं आहे. समोर बसायचं, त्यांनी आपल्या नाकाकडे बघायचं, आणि आपण बाजूने हात आणायचा. पक्कं करायला मागच्या खोलीत मशीन आहे, पण लोक कंटाळतात."

मी उठताना फ्रेमचा ट्रे पाडला. बाई म्हणाल्या, "तुमचं रोज काहीतरी पडतं हो!" आज माझं लक्षच कुठे होतं.

११ मार्च, बुधवार

सुट्टी टाकून ताईकडे गेले. ताई बाजारात गेलेली, बरंच झालं.

आईसमोर स्टूल घेऊन बसले. म्हटलं, "आई, माझ्या नाकाकडे बघ. मी बाजूने हात आणते, दिसला की सांग."

"दिसला," ती लगेच म्हणाली.

"आई, मी अजून हात वरच केला नाहीये."

तिने पदर सारखा केला. मग मी खरोखर हात आणला, बाजूने, हळूहळू. तो माझ्या गालाला लागला तेव्हा ती म्हणाली, "आता." खोटं बोलत नव्हती. मला रडू फुटलं. ती नाही रडली.

"झालं समाधान? आता सांग तुझ्या ताईला ओरडून."

"कधीपासून गं?"

"तू शाळेत होतीस तेव्हापासून. आधी संध्याकाळचं दिसेना. मग खालचं. मग बाजूचं. मला तरी कुठे कळलं होतं! काजं करताना कात्री शेजारी ठेवायची आणि सापडायची नाही. मला वाटायचं, मीच वेंधळी. त्यांना आधी कळलं." बाबांना आई कधी नावाने बोलली नाही. "म्हणाले, तू खाली बघूच नकोस. काय ते पायाला मी सांगतो."

पायाला मी सांगतो! असं म्हणाले बाबा. ज्यांनी आम्हाला कधी गोड शब्दाने हाक मारली नाही, ते.

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर मला ओट्यापाशी उभं राहू दिलं असतंत? खुर्चीत बसवलं असतंत." खुर्चीच्या हातावर तिने थाप मारली. "ही बघ, बसवलंच ना!"

"मग पडलीस कशी? दोरी होती ना तिथे?"

तिने आधी दाराकडे कान दिला. मग हळू आवाजात — "चटई."

ताईने आणलेली रबराची चटई! घसरू नये म्हणून, जाडजूड, ओट्यापासून पायरीपर्यंत लांब. आई ती रोज गुंडाळून दाराआड उभी करायची. मला वाटायचं, नवी वस्तू जपून ठेवायची खोड. "त्या दिवशी ताई येणार होती. म्हणून अंथरली. पायाला काही लागेचना. मला वाटलं, अजून पायरी लांब आहे." मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "डोळ्यांचं सांगायचं तर सांग. चटईचं सांगायचं नाही. ती पोर जन्मभर स्वतःला खात राहील. त्यापेक्षा मी इथे खुर्चीत बसेन."

मी कबूल केलं.

"डॉक्टरकडे गेला होतात?"

"गेलो होतो. हळूहळू जाईल म्हणाले, थांबवता येत नाही म्हणाले. माझी आईसुद्धा भिंत धरून चालायची. घराण्यातून येतं, म्हणाले—" आणि तिथेच थांबली. माझ्या गुडघ्यावर तिचा हात होता, मी कळवळले. "हे काय लागलं?"

"फरशीवाल्याची पेटी."

"दिसली नाही?"

"वाटेत ठेवली होती गं त्याने!"

तिने हात अलगद उचलला. ताईची किल्ली वाजली.

१२ मार्च, गुरुवार

जीव मुठीत धरून पळाले आज.

रात्रभर ठरवत होते — सकाळी दोऱ्यांच्या जागा मोजून घ्यायच्या, टाइल्स रद्द, पुन्हा शीटच टाकायची आणि तिच्याखाली दोऱ्या. दूध आणायला खाली उतरले, परत येते तर फरशीवाला आधीच येऊन हजर! कधी नाही तो वेळेवर! आणि एकटा नाही, हाताखाली दोघं. तिन्ही थर कापून, तुकडे करून, निम्मे खाली टेम्पोत. कोबा उघडा. माल कालवायला घेतलेला.

"थांबा!"

"मॅडम, माल घट्ट होईल."

"होऊ दे!"

जिना उतरून टेम्पोत चढले. मी! चप्पल एक खाली राहिली. शीटचे तुकडे ओढून काढले, वर आणले, आणि कोब्यावर मांडायला बसले. तपकिरीचे तपकिरीला, लालचे लालला. दोऱ्या पोत्यात गेल्या होत्या, पण गमाच्या रेषा होत्या ना! लहानपणी बाबा उसवलेल्या कोटाचे भाग जमिनीवर पसरायचे आणि आम्हा दोघींना म्हणायचे, लावा बघू. पाठ कुठली, बाही कुठली, आम्ही बिनचूक लावायचो. तेच केलं. फुलं जुळवली, कडा जुळवल्या. फरशीवाला फोन कानाला लावून बघत राहिला. पलीकडच्याला म्हणाला, "नंतर करतो, इथे जरा वेगळंच चाललंय."

मांडून झालं आणि सगळं समोर आलं. कोब्यावर, लाल शीटच्या खाली, एकच रेषा. पायरीपुढे. बारीक दोरीची. लाल शीटवर, म्हणजे तपकिरीच्या खाली, तीन — पायरी, ओटा, सिंक. तपकिरीवर, म्हणजे हिरवीच्या खाली, चार, आणि त्या जाड, दुहेरी दोरीच्या. जसजसं आईचं दिसणं गेलं तसतशी बाबांची दोरी वाढली. म्हणूनच कधी काही काढलं नाही त्यांनी. जमीन एकदम बदलली असती तर तिचे पाय चुकले असते.

चौथी रेषा माझ्या खोलीच्या दारापुढे आहे. स्वयंपाकघराला लागून माझी खोली, आधी कोठीची होती, उंबरा चांगला वीतभर. आई केर काढायला येत असेल म्हणून घातली असावी.

बाबांच्या मशीनच्या खणात मापाची टेप आणि चपटा खडू होता, अजून. चारही रेषांची टोकं मोजून भिंतीच्या तळाशी खुणा केल्या. मग म्हटलं, "आता ओता." माझ्या अंगावर धूळ, केसांत गम. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

फरशीवाला शीट टाकायला तयार आहे, दोऱ्यांना नाही. "नव्या कामात मुद्दाम उंचवटे? लोक म्हणतील, याला येत नाही." मी म्हटलं, लोक पंचवीस वर्षं तेच म्हणत आले. सवय आहे आम्हाला.

१५ मार्च, रविवार

ताईला सांगितलं. आईसमोर, भावोजींसमोर. फक्त डोळ्यांचं.

ताई आधी रडली. मग भडकली. "मी लेक आहे की शेजारीण? मला सांगावंसं वाटलं नाही?" मग अपेक्षा होती तेच — "मग तर अजिबात जायचं नाही! दिसत नाही आणि एकटी राहणार?"

आई शांतपणे म्हणाली, "तुझं घर छान आहे. पण इथे पायाला काही सांगणारं नाही गं. उठले की भीती वाटते, म्हणून बसून राहते. तुला वाटलं, मी सुखात आहे."

ताईचं तोंड एवढंसं झालं. मला तिला मिठीच मारावीशी वाटली, पण आम्ही दोघी मिठ्या मारणाऱ्यांतल्या नाही. भावोजी टेबलावर बोटाने रेघा ओढत होते. मग म्हणाले, "मी अंगण वाकडं म्हणायचो त्यांना. तोंडावर."

शेवटी ताई म्हणाली, "शीट पडल्यावर मी येऊन बघेन. माझ्या डोळ्यांसमोर चालून दाखवायचं. एकदा जरी अडखळली तर परत माझ्याकडे." परीक्षा! या वयात! आई म्हणाली, "चालेल."

१६ मार्च

दुसरं काही सुचत नाही. दोरी वीतभर चुकली तर? मालामुळे जमीन उंच झालीय, पायरी थोडी खोल झालीय. तिच्या लक्षात येईल का? टेप घेऊन पुन्हा पुन्हा मोजतेय.

१८ मार्च, बुधवार

शीट पडली. राखाडी, बिनफुलांची. दोऱ्या मी चिकटवल्या, फरशीवाल्याने हात लावला नाही, पण शीट ओढताना मात्र दोरीवरून अंगठा इतका हळू फिरवला की बघत राहिले. जाताना म्हणाला, "कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका." मग जिन्यातून परत आला. "सांगितलं तरी चालेल."

डोळे मिटून चालून बघितलं. चारही लागल्या.

२१ मार्च, शनिवार

आई आली!

दारातच चप्पल काढली. ताई मागे, हात पुढे करून, पडली की धरायचं म्हणून. आई स्वयंपाकघराच्या दारात क्षणभर थांबली, अनवाणी पाय जमिनीवर घासला. मग निघाली. ओट्यापुढे थांबली, नेमकी. चहाचं भांडं जागच्या जागी होतं, मी आठवून आठवून सगळं जागच्या जागी लावलं होतं. सिंकपाशी वळली. पाणी भरलं. मग गॅलरीकडे. पायरीपुढे थांबली, पायाने अंदाज घेतला, म्हणाली, "जरा खोल झालीय," आणि उतरली.

ताईने पुढे केलेले हात तसेच राहिले होते. खाली घ्यायलाच विसरली. मग डोळे पुसत इकडेतिकडे बघायला लागली. "इथली चटई कुठे गेली?"

"मालात खराब झाली," मी म्हटलं. टेम्पोत मीच टाकली होती, शीटचे तुकडे काढले त्या दिवशी.

"दुसरी आणते."

"नको!" आई आणि मी एकदमच. ताई बघतच राहिली. आई म्हणाली, "अगं, धुवायला जड होते." निभावलं.

चहा आईने केला, चौघांनी प्यायला. भावोजींनी दोनदा घेतला. ताई म्हणाली, महिनाभर बघू. म्हणजे हो. ताईचं "बघू" म्हणजे हो असतं.

आज पहिल्यांदा खुर्चीत पाठ टेकवून बसले.

२२ मार्च, रविवार

सकाळी ओट्याकडून हाक आली. "छोटी, उठलीस का?" धावतच बाहेर आले, दाराला खांदा आपटला. विचारलं, दोऱ्या बरोबर पडल्या ना?

"तीन अगदी जागेवर आहेत."

"आणि चौथी? माझ्या दारापुढची? तू केर काढायला येतेस तेव्हा—"

"तुझी खोली तूच झाडतेस. मी कधी येते तिथे?" आईने गॅस बंद केला. माझ्याकडे वळली, नळीतून बघावं तसं थेट माझ्या तोंडाकडे बघितलं. "ती माझी नाही गं. ती त्यांनी तुझ्यासाठी घातली होती. म्हणाले, छोटी पण तुझ्यासारखीच अडखळायला लागलीय, इतक्यात सांगू नकोस."

मी नेमकी तिच्यावरच उभी होते.